लहान हाय, पन जागा हाय

सध्याचं पोस्टिंग : बोळिंज, विरार पश्चिम. सी विंग, तिसरा मजला. कमांडिंग ऑफिसर, सौ. सुनंदा घाग. मी नायब सुभेदार म्हणून निवृत्त झालो त्याला बरीच वर्षं झाली, पण अजून पहाटे पाचला डोळे उघडतात आणि बुटांना पॉलिश नसेल तर घास गिळवत नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, असं बायको म्हणते. मी वाद घालत नाही. हुकूम तो हुकूम.

आमच्या सोसायटीत नाताळच्या आदल्या संध्याकाळी गच्चीवर कार्यक्रम असतो. एकशे दहा फ्लॅट, त्यांत ख्रिस्ती घरं चार. तरी गच्ची भरते. पार्किंगवरून वर्षभर एकमेकांचं तोंड न बघणारे लोक शेजारी शेजारी उभे राहून, शब्द येत नसतानाही गुणगुणतात. सेक्रेटरी भिड्यांनी मला एकदा विचारलं, "सुभेदार, आपला सण नाही, आपली भाषा नाही, तरी ही गाणी लागली की बरं का वाटतं हो?" भिडे बँकेत होते. त्यांना प्रत्येक गोष्टीचं कारण लागतं.

मी म्हटलं, नीट ऐका. गाणं कुठल्याही भाषेतलं असो, बहुतेकांत गोष्ट एकच. थंडी आहे, अंधार आहे, कोणीतरी घरापासून लांब आहे, आणि कोणीतरी दार उघडतं. सैनिकाला हे समजावून सांगावं लागत नाही. ज्याने एकदा परक्या मुलखात हिवाळा काढलाय, त्याला त्या गाण्याचा धर्म विचारायचं सुचत नाही.

गेल्या वर्षी मात्र मी त्या संध्याकाळी गच्चीवर नव्हतो, यंदाही नसेन. भिडे चौकशी करतात. सांगायचं तर बर्फापासून सुरुवात करावी लागते, म्हणून टाळत आलो. आता लिहूनच देतो.

आमची कंपनी उत्तरेच्या सीमेवर होती. जागेचं नाव सांगत नाही, ती सवयच नाही. डोंगराच्या एकाच सोंडेवर तीन चौक्या होत्या, खालची, मधली आणि वरची. खालच्या चौकीत कंपनी हेडक्वार्टर आणि मेजर साहेब. मी तेव्हा हवालदार होतो आणि सिग्नलचं काम माझ्याकडे होतं, म्हणजे तिन्ही चौक्यांचं टेलिफोन आणि वायरलेसवरचं बोलणं माझ्या कानांवरून जायचं.

लान्स नायक नेल्सन लोपीस मधल्या चौकीचा ऑपरेटर होता. वसईकडचा पोरगा. उंच, काटकुळा, कान जरा मोठे. आम्ही त्याला म्हणायचो, तुला सेटची गरज नाही, कानच अँटेना आहेत. तो हसायचा. त्याची आई डिसेंबरात पार्सल पाठवायची, त्यात केळीच्या सोपटात बांधलेली सुकेळी असायची. राजेळी केळी उन्हात वाळवून करतात ती. कोल्हापूरच्या पोरांना पहिल्या वर्षी तो प्रकार माहीत नव्हता. त्यांनी त्याचं नाव काळी मिठाई ठेवलं आणि पुढच्या वर्षी पार्सल यायच्या आधीच त्याच्यावरून भांडू लागले.

पलटणीत सगळे सण सगळ्यांचे असतात. गणपतीत नेल्सन झांजा वाजवायचा. मग पहिल्या नाताळला मेजर साहेबांनी त्याला फर्मावलं, "लोपीस, तुमच्याकडचं गाणं होऊन जाऊ दे."

"साहेब, आमच्या गावचं हाय एक. पन ते एकट्याला म्हनता येत नाय."

"का?"

"बाहेरच्यानं इचारायचं आसतं आनि आतल्यानं उत्तर द्यायचं आसतं. उत्तर नाय आलं तर गाणं आडकतं."

मग त्याने समजावलं. त्यांच्या गावात नाताळच्या आदल्या संध्याकाळी गाणाऱ्यांची टोळी दारोदार फिरते. दाराबाहेर उभं राहून टोळी गाते, थंडी वाजते, रात झाली, जागा हाय का गो भितुर? घरातली बाई आतूनच गाऊन उत्तर देते, हाय गो हाय, लहान हाय, पन जागा हाय, या भितुर. मग टोळी गाते, आलो गो आलो. झालं. एवढंच गाणं. रचलं कोणी, कोणाला ठाऊक नाही. घर बंगला असो की झोपडं, उत्तर तेच द्यायचं. बंगलेवाल्यानेही 'लहान हाय' म्हणायचंच.

आमचे बंकर बघितले असते तर तुम्हाला कळलं असतं की या गाण्याला आमच्याइतकी लायक जागा वसईतसुद्धा नसेल. सहा माणसांच्या जागेत दहा झोपायचे. एक कुशीवर वळला की सगळ्यांना वळावं लागे. पोरांनी ते उत्तर दहा मिनिटांत पाठ केलं. संध्याकाळी स्टँड-टू संपला, म्हणजे अंधार पडतानाचा हत्यारबंद पहारा उठला, की तिन्ही चौक्या लाईनवर येऊन खुशाली द्यायच्या. त्या नाताळला नेल्सनने लाईनवर प्रश्न गायला आणि तिन्ही चौक्यांनी एकदम उत्तर दिलं. सुरांचं विचारू नका. पण त्या दिवसापासून चौकीवर कोणी नवीन आला, गस्तीला गेलेलं पेट्रोल परत आलं, कोणी रजेवरून आलं, की दारातून आरोळी पडायची, "जागा हाय का?" आणि आतून सगळे, "लहान हाय, पन जागा हाय!"

चौकीचा एक नियम होता. बाहेर गेलेल्या पेट्रोलचा शेवटचा माणूस 'आलो' म्हणेपर्यंत दाराची कडी लावायची नाही. बर्फ आत आलं तरी चालेल. नियम आधीपासून होता, गाणं नंतर आलं. दोघं एकमेकांत असे बसले की पुढे कोणी वेगळं काढलं नाही.

तिसरा नाताळ. वरच्या चौकीवर बड्या खान्याचं, म्हणजे सणाच्या मेजवानीचं, सामान पोचवायचं होतं. मधल्या चौकीहून सकाळी चौघांचं पेट्रोल निघालं. कमांडर नायक शिंदे, दोन जवान आणि सेट घेऊन नेल्सन. हवा स्वच्छ होती. अशा दिवशी डोंगर कोणाला फसवेल असं वाटत नाही.

दुपारी हवा फिरली. पांढरं अंधारणं मी तिथेच बघितलं, हात पुढे केला तर पंजा दिसेना. टेलिफोनची लाईन आधीच तुटली होती. वायरलेसवर नेल्सनचा आवाज आला.

"हॅलो चार्ली वन, धिस इज टू. वरून बर्फ घसरलं. शिंदे उस्तादांचा पाय गेला. बाकी ओके. खडकाखाली आडोसा घेतला. ओव्हर."

"टू, लोकेशन सांग. ओव्हर."

त्याने सांगितलं. मेजर साहेबांनी मधल्या चौकीला मदतीची टोळी काढायला सांगितली. दोर, फावडी, स्ट्रेचर. टोळी लगेच निघाली. पण त्या हवेत शंभर पावलं चालायला काय लागतं ते मी इथे बसून सांगू शकत नाही.

थंडीत अडकलेल्या माणसाचा पहिला शत्रू झोप. मी नेल्सनला सांगितलं, सगळ्यांना बोलतं ठेव. त्याने ठेवलं. कोणाच्या लग्नाचं कुठे अडलंय ते मला त्या दिवशी कळलं. पण आवाज तुटत होता. मी विचारलं, "टू, तू आडोशात आहेस ना?"

"निगेटिव्ह. आत सेट पकडत नाय. मी तोंडाशी बसलोय. ओव्हर."

"आत बस."

"आत बसलो तर तुमाला कसं कळनार आमी कुठं? ओव्हर."

त्याचं बरोबर होतं. त्याने दिलेल्या खुणांवरच टोळी पुढे सरकत होती.

चारच्या सुमारास तो म्हणाला, "वन, पोरं पेंगायला लागली. शिंदे उस्ताद डोळे मिटतात. गाणं म्हनू का? ओव्हर."

मी मेजर साहेबांकडे बघितलं. ऑपरेशन चालू असताना वायरलेसचा नेट मोकळा ठेवायचा, हे त्यांनीच आम्हाला रक्तात भिनवलं होतं. ते म्हणाले, "गाऊ दे." मग माझ्या हातातला हँडसेट घेऊन तिन्ही चौक्यांना सांगितलं, "ऑल स्टेशन्स, लोपीस गातोय. उत्तर द्यायचं. आउट."

नेल्सनने विचारलं. थंडी वाजते, रात झाली, जागा हाय का गो भितुर? रात्र झाली नव्हती, पण त्याला ती झाल्यासारखीच होती. आवाज कापत होता. तरी सूर बरोबर होता, हे मी सांगतो, कारण मला सूर कळत नाही आणि तरी ते कळलं.

आम्ही उत्तर दिलं. खालच्या चौकीत मी, मेजर साहेब, हातातला स्वयंपाक टाकून आलेला लांगरी, पहाऱ्यावरून धावत आलेला शिपाई. वरची चौकी. मधली चौकी. तिन्हीकडून एकदम. हाय गो हाय, लहान हाय, पन जागा हाय, या भितुर.

मग सेटवर खरखर आली. 'आलो' आलं नाही.

वरून दुसऱ्यांदा बर्फ घसरलं होतं. टोळी पोचली तेव्हा खडकाच्या आतले तिघं जिवंत होते, शिंदेसुद्धा. नेल्सन तोंडाशी होता. हँडसेट त्याच्या हातात होता. मधल्या चौकीने त्या रात्री दाराची कडी लावली नाही. कोणी हुकूम दिला नव्हता.

त्या वर्षीच्या रजेत मी वसईला गेलो. नेल्सनचं गाव बोळिंजपासून सायकलच्या टप्प्यात आहे. केळीच्या वाड्या, विहिरी, दोन्ही बाजूंनी घरं असलेली आळी. पुढे निवृत्तीनंतर मी विरारला घर घेतलं, त्याचं एक कारण हेही. नेल्सनचे वडील पेद्रूकाका ओट्यावर बसले होते. त्यांना मी सगळं सांगितलं. गाण्याचंही सांगितलं. ते म्हणाले, "तिला मी सांगतो. तू नको सांगू." मी त्यांच्या शब्दाला मान दिला. पुढे वर्षभरातच पेद्रूकाका गेले. त्यांना ते सांगणं जमलं नाही, हे मला पार गेल्या वर्षी कळलं.

नेल्सनची आई मार्थाआई. सत्तरी ओलांडलेली, आवाज पोलिसपाटलाचा. दर नाताळच्या दिवशी दुपारी मी आणि सुनंदा त्यांच्याकडे जेवायला जायचो. त्या सुनंदाला वडे वाढायच्या आणि माझ्या पोटाकडे बघून म्हणायच्या, "सुभेदारा, सरकारनं सोडलं तसा फुगलास." गेल्या वर्षी डिसेंबरात त्यांच्या मुलीचा, ग्लोरियाचा फोन आला. ती शिक्षिका आहे, वसईला एव्हरशाईन सिटीत राहते, सातव्या मजल्यावर.

"काका, यंदा आदल्या संध्याकाळीच याल का? आईला जानेवारीत मी माझ्याकडे नेतेय. डोळे गेलेत जवळजवळ, विहिरीशी दोनदा पडली. त्या घरातला हा तिचा शेवटचा नाताळ."

"मग अडचण काय?"

"ती दरवर्षी त्या संध्याकाळी टोळीसाठी ताट मांडते आणि टोळी येत नाही. दादा गेल्यापासून नाही आली. यंदा नाही आली तर मग कधीच नाही. सातव्या मजल्यावर कोण येणार आहे?"

मी गेलो. सुनंदाला गुडघ्यांमुळे प्रवास नको होता. ती म्हणाली, "जा, पण तिथे जाऊन शिस्त लावू नका."

ओट्यावर टेबल, टेबलावर ताट. केक, करंज्या, सुकेळी, वरून विणलेला रुमाल. मार्थाआई खुर्चीत बसून होत्या, साडी नवी. मी विचारलं, "कोण येणार आहे?"

"कोन नाय. हाताला सवय."

आळीतल्या प्रत्येक घरावर कागदाची किंवा प्लॅस्टिकची चांदणी लागली होती, आत दिवा. फक्त या घरावर नव्हती. मला वाटलं, म्हाताऱ्या बाईला कुठे झेपणार.

अंधार पडायला लागला तशी टोळी ऐकू आली. गिटार, ढोल आणि एक ट्रम्पेट. पहिल्या घरी प्रश्न, उत्तर, 'आलो', हसणं. मग दुसऱ्या घरी. भिंतीला भिंत लागून असलेल्या शेजारच्या घरातही टोळी जाऊन आली. मार्थाआईंनी पदर सारखा केला. आणि ढोल थांबला. गिटार थांबली. पंधरा-सोळा माणसं डोक्यावरच्या टोप्या काढून, खाली मान घालून, आमच्या फाटकावरून एक शब्द न काढता पुढे गेली. पुढचं घर आलं आणि ढोल पुन्हा सुरू झाला.

मार्थाआईंचे ओठ मात्र हलत होते. उत्तर त्यांच्या तोंडात तयार होतं. मला ते बघवलं नाही.

"आई, त्यांना हाक का नाही मारत?"

"हाक मारून आनलेली टोळी ती टोळी नव्हं. त्यांनी यायचं आसतं. माझ्या दारात इचारायचं सोडलं त्यांनी. याच सणाला पोर गेलं, घर अपशकुनी वाटत आसंल."

मी चपला घातल्या आणि टोळीच्या मागे गेलो. म्होरक्या पास्कू, ट्रम्पेटवाला, नेल्सनचा शाळूसोबती. आता त्याचे केस पिकलेत. मी त्याला बाजूला घेतलं.

"लोपीसांच्या दारात थांबत का नाही?"

पास्कू गोंधळला. "सुभेदार, चांदणी नाय ना."

"म्हणजे?"

"दुखवट्याच्या घरावर चांदणी लावत नाय. दुखवटा सरला की घरचे लावतात, मंग आमी जातो. मावशीनं अजून लावली नाय. आमी काय बळंच जायाचं? टोप्या काढतो, मनातल्या मनात एक प्रार्थना म्हनतो नि जातो. दर वरीस."

घोडं पेंड खात होतं ते इथे. मी आयुष्य सिग्नलमध्ये काढलं. दोन चौक्या, दोन्ही शाबूत, दोन्हीकडे माणसं जागी, आणि प्रत्येक जण दुसऱ्याच्या कॉलची वाट बघत सेट कानाला लावून बसलाय, हे मी पूर्वीही बघितलंय. पण तिथे तासाभरात कोणीतरी चिडून बटण दाबतो. इथे पंधरा वर्षं झाली होती. सभ्यपणाच्या नादात.

"आळी संपवून परत याच वाटेने येता ना?"

"दुसरी वाटच नाय. शेवटच्या घरापुढे खाडी."

"मग परत येताना वर बघा," असं सांगून मी मागे आलो.

मार्थाआईंना विचारलं, "चांदणी कुठे आहे?"

उत्तर ग्लोरियाने दिलं. माळ्यावर. नेल्सनने शाळेत असताना बांबूच्या कामट्यांची केलेली. तोच दरवर्षी शिडी लावून छपरावरच्या नळ्यांच्या, म्हणजे कौलांच्या, टोकाला बांधायचा. तो पलटणीत गेल्यावर पेद्रूकाका बांधत. ते गेले, मग शिडीवर चढायला कोणी उरलं नाही. ग्लोरियाच्या नवऱ्याला उंचीची भीती. आता तो सातव्या मजल्यावर राहतो, पण तो विषय वेगळा.

मी म्हटलं, "मी बांधतो."

"नको," मार्थाआई म्हणाल्या.

"का?"

त्यांनी हातातली काठी मांडीवर आडवी घेतली. मग म्हणाल्या, "शिंदे आलता एकदा. लंगडत. त्यानं सांगितलं, नेल्सन शेवटाला गात होता. कोनतं गाणं ते मला सांगाला नको. पन पुढचं शिंद्याला काय आठवत नाय." खुर्चीच्या हातावरची त्यांची बोटं घट्ट झाली. "माझ्या पोरानं इचारलं, सुभेदारा. जागा हाय का म्हनून इचारलं. कोनी उत्तर दिलं का त्याला? का तसाच गेला, दारात उबा राहून? ते कळल्याबिगर मी दुसऱ्या कोनाला कशी 'या' म्हनू?"

इतकी वर्षं ही बाई मला वडे वाढत होती आणि हा प्रश्न घेऊन बसली होती. रिपोर्ट देताना घसा साफ करायचा असतो, तो केला.

"दिलं, आई. तिन्ही चौक्यांनी दिलं. मेजर साहेबांनी स्वतः दिलं. हाय गो हाय, लहान हाय, पन जागा हाय, या भितुर. सगळं, शेवटपर्यंत."

"त्याला आयकू गेलं?"

"सेट चालू होता. ऐकू गेलं."

"तू सोता म्हटलंस?"

"हो. मोठ्याने."

"बेसुरा आसशील."

"होतो."

त्या हसल्या. हसता हसता पदराने डोळे पुसले. ग्लोरिया आत निघून गेली, आतून भांडं पडल्याचा आवाज आला. मी राहिलेलंही सांगून टाकलं. "फक्त त्याचं 'आलो' आलं नाही, आई. आम्ही वाट बघितली."

"नाय यायचं," मार्थाआई म्हणाल्या, लहान पोराला समजावतात तशा. "आलो बाहेरून म्हनत नाय कोन. उंबऱ्यात पाय टाकल्यावर म्हनायचं आसतं. तो तवा वाटंत होता." मग काठी जमिनीवर आपटली. "शिडी मागच्या पडवीत हाय. पडू नको. सुनंदाला काय तोंड दाखवू मी?"

साठी आलेला माणूस, अंधारात, कुरकुरणाऱ्या शिडीवर, दातांत सुतळी. चांदणीचा कागद फाटला होता, ग्लोरियाने घाईत शाळेतला पिवळा घोटीव कागद चिकटवला. एक कोपरा उघडाच राहिला. मी वायर नळ्यांच्या टोकाला बांधली, खालून ग्लोरियाने बटण दाबलं. दिवा लागला. खालून मार्थाआईंनी विचारलं, "लागली?" त्यांना नुसता उजेड कळत होता.

"लागली, आई."

ढोल परत येत होता. नेहमीसारखा फाटकापाशी आला आणि नेहमीसारखा थांबला. मग कुजबूज. मग पास्कूचा आवाज, "वर बघा रे, वर." कोणीतरी टोपी काढलेली होती, ती पुन्हा घातली. फाटकाची कडी वाजली आणि सगळे अंगणात आले.

ग्लोरियाने आईला आत नेऊन दाराआड उभं केलं. मी दाराशी थांबलो. पास्कूने ट्रम्पेट काखेत धरला आणि सुरुवात केली, आणि सगळ्यांनी धरलं. थंडी वाजते, रात झाली, जागा हाय का गो भितुर?

आतून काही आलं नाही.

टोळी हलली नाही. पास्कूने ढोलवाल्याला हाताने थांबवलं. त्या गाण्यात दुसऱ्यांदा विचारायचं नसतं, असं नेल्सनने आम्हाला सांगितलं होतं. एकदा विचारायचं आणि थांबायचं. मी बर्फात असं थांबलोय. इथेही थांबलो.

मग मार्थाआईंनी उत्तर दिलं. पोलिसपाटलाचा आवाज कुठेच नव्हता. फाटका, बारीक, मध्येच तुटणारा आवाज होता. हाय गो हाय. लहान हाय. इथे त्या अडखळल्या, श्वास घेतला. पन जागा हाय. या भितुर.

टोळीने उंबऱ्यात पाय टाकले आणि गायलं, आलो गो आलो.

मी ते उत्तर शेकडो वेळा दिलंय. त्यापुढचं मी त्या दुपारनंतर इतक्या जवळून कधी ऐकलं नव्हतं. पाय आपोआप जुळले, हात शिवणीला लागले. कोणाचं लक्ष नव्हतं, आणि असतं तरी मला पर्वा नव्हती.

घर भरलं. ताटावरचा रुमाल उडाला. मार्थाआई प्रत्येकाच्या चेहऱ्यावरून हात फिरवून, हा कोनाचा, तो कोनाचा, विचारत होत्या. ग्लोरियाने पास्कूला जानेवारीतल्या बेताचं सांगितलं. पास्कू करंजी खात म्हणाला, "एव्हरशाईन? सातवा माळा? लिफ्ट हाय ना? मंग काय. फकस्त चांदणी लाव गो बाल्कनीत, नायतर पुन्हा पंधरा वर्सं लिफ्टमदी टोप्या काढून जाऊ." त्यावर मार्थाआई सगळ्यांत मोठ्याने हसल्या. यंदा मी तिथे जाणार आहे. भिड्यांना यायचं असेल तर जागा आहे.

त्या संध्याकाळी मात्र मी अजून दाराशीच उभा होतो. दार हातात धरलेलं, वारा आत येत होता. आत गेलेली माणसं मी सवयीने मोजली होती. सोळा. सोळावा आत जाऊनही बराच वेळ झाला होता.

लान्स नायक नेल्सन पेद्रू लोपीस. उंच, काटकुळा, कान जरा मोठे.

आतून मार्थाआईंनी हाक मारली. त्यांना दिसत नाही, पण वारा लागत होता, आणि मी दार का धरून उभा आहे ते बहुतेक त्यांना कळलं होतं.

"सुभेदारा, लाव आता दार. आले सगळे."

मी कडी लावली.